गावाचं नाव आणि नावाची गोष्ट : भीमथडीतल्या काही दंतकथांची चिकित्सा

आजचा विषय वरवर पाहता हलका आहे. कोणत्याही गावात जा, पारावर बसा आणि विचारा, ‘या गावाला हे नाव कसं पडलं?’ उत्तर येतंच. ‘माहीत नाही’ असं फारसं कोणी म्हणत नाही. कुणी देवाची गोष्ट सांगतो, कुणी राक्षसाची, कुणी राजाच्या मुक्कामाची. आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना त्या गोष्टीपेक्षा आधी एका दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटतं. नावाला कारण असलंच पाहिजे, ही खात्री माणसाला येते कुठून? आणि त्या कारणाला गोष्टीचंच रूप का लागतं?

आपण केडगावच्या परिसराबद्दल बोलणार आहोत. म्हणजे दौंड आणि शिरूर हे दोन तालुके, मधून वाहणारी भीमा, आणि भोवतालचा मुलूख. या मुलखाचं जुनं नाव भीमथडी. दंतकथा खरी की खोटी एवढाच निकाल द्यायचा असता, तर हे व्याख्यान दहा मिनिटांत संपलं असतं. आम्हाला तिची चिकित्सा करायची आहे, जशी आपण कवितेची किंवा नाटकाची करतो. ती काय सांगते, काय लपवते, कुणाच्या सोयीची आहे, आणि तिच्यावर किती भार टाकता येतो, हे पाहायचं आहे.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात तो येतो. शाकटायनाचं आणि निरुक्तकारांचं म्हणणं असं, की सगळी नामं धातूंपासून, म्हणजे क्रियांपासून आली आहेत. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणतात, सगळी नाहीत. गार्ग्याचा आक्षेप मोठा मार्मिक आहे. वाट व्यापतो म्हणून घोड्याला ‘अश्व’ म्हणायचं, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावं लागेल. आणि एकच वस्तू दहा क्रिया करत असेल तर तिला दहा नावं द्यावी लागतील. यास्क त्याला उत्तर देतो आणि शेवटी आपल्या मताला धरून राहतो. निर्वचन करायचंच, शब्द तसाच सोडून द्यायचा नाही, असा त्याचा दंडक आहे. आमच्या मते पारावरचे सगळे म्हातारे यास्काचे शिष्य आहेत. नाव आलं की निर्वचन आलंच! गार्ग्याच्या बाजूचा माणूस गावात सापडणं कठीण.

गार्ग्याच्या बाजूचा एक माणूस इंग्लंडात सापडतो. जॉन स्टुअर्ट मिल. 1843 साली त्यानं तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात डार्टमाउथ या गावाचं उदाहरण आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून ते डार्टमाउथ. पण उद्या वाळू साचून नदीचं मुख बुजलं किंवा नदीनं पात्र बदललं, तर गावाचं नाव बदलेल का? नाही बदलणार. म्हणजे नाव ठेवताना कारण असेल, पण एकदा नाव रुळलं की ते त्या कारणावर उभं राहत नाही. विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवतं, तिचं वर्णन करत नाही.

आता आपली भीमथडी बघा. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेचा काठ ती भीमथडी. यात दंतकथेची गरजच नाही, शब्द स्वतःच बोलतो. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्याचा हा एक तालुका होता, 1885 च्या गॅझेटियरमध्ये त्याचं स्वतंत्र वर्णन आहे. त्याचं ठाणं मात्र बारामतीला, आणि बारामती वसली आहे कऱ्हेच्या काठी! भीमेच्या काठचा तालुका आणि कचेरी कऱ्हेच्या काठी, पण कुणाचं काही अडलं नाही. पुढे तालुक्याचं ते नाव गेलं, दौंड आणि बारामती ही नावं राहिली. तरी भीमथडी संपली नाही. मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडीची तट्टं इतिहासात राहिली, आणि आज पुण्यात भीमथडी जत्रा भरते तेव्हा तिथे नदीही नसते आणि थडीही नसते. मिलचा डार्टमाउथ आपल्या दारातच आहे.

मग प्रश्न असा, की ज्या नावाचा अर्थ उघड आहे तिथेही गोष्ट का जन्मते? भीमथडीचा अर्थ कळला, पण ‘भीमा’ का, हा प्रश्न उरतोच. तिथे गोष्टी सुरू होतात, आणि एक नाही, कितीतरी. त्रिपुरासुराशी युद्ध करून दमलेल्या शंकराच्या घामातून भीमाशंकरला नदी निघाली, ही एक. कुंभकर्णाचा मुलगा भीम नावाचा राक्षस, त्याला मारणारा देव तो भीमाशंकर, ही दुसरी. आणि सामान्य माणसाच्या मनात तिसरा भीम असतोच, पांडवांपैकी गदा घेतलेला. संस्कृतात ‘भीम’ म्हणजे भय वाटावं असा. पावसाळ्यात ज्यांनी या नदीचा पूर पाहिला आहे त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हीच नदी पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा होते. तिथे तिची भीती जाते आणि ती माहेरची होते. पाणी तेच आहे. नाव बदललं आणि नदीशी असलेलं नातंही बदललं. गार्ग्य म्हणाला होता, एका वस्तूला दहा नावं द्यावी लागतील. भीमेच्या बाबतीत दोन तरी दिलीच आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

आता चिकित्सेकडे येऊ. कोणतीही नावाची गोष्ट समोर आली की आम्ही तिला तीन प्रश्न विचारतो. श्रोत्यांनीही ते आपापल्या गावी जाऊन विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न : ही गोष्ट एकाच गावाला लागू पडते, की त्या नावाच्या सगळ्या गावांना?

शिरूर घ्या. पुणे जिल्ह्यातलं शिरूर आहे, ज्याला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंदही आहे. कर्नाटकात तर आणखी शिरूर आहेत. उद्या कुणी म्हणालं, अमक्या योद्ध्याचं शिर इथे पडलं म्हणून शिरूर, तर आम्ही नम्रपणे विचारू, एवढ्या गावांत एवढी शिरं पडली का? नाव अनेक ठिकाणी असेल तर त्याचं कारणही अनेक ठिकाणी घडू शकेल असं, साधं आणि सामान्य असलं पाहिजे. झाड, माती, पाणी, वस्तीचा प्रकार, भाषेचा एखादा जुना शब्द. ‘ऊर’ म्हणजे कानडीत गाव, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लगेच उडी मारू नये, कारण प्राकृतात ‘पुर’मधला ‘प’ गळून ‘उर’ होतो. शेपटी एक असली तरी जनावर एक असेलच असं नाही. थेऊरची गोष्ट याच जातीची. ब्रह्मदेवाचं चंचल मन इथे स्थावर झालं म्हणून थेऊर, असं सांगतात. गोष्ट सुंदर आहे, चिंतामणीच्या देवळात ती शोभतेही. पण ती थेऊरच्या देवाचं माहात्म्य सांगते. थेऊर या शब्दाचा इतिहास तिच्याकडून मागणं हा तिच्यावर अन्याय आहे.

केडगावचंही तसंच. एक केडगाव दौंड तालुक्यात, दुसरं अहिल्यानगर शहराला लागून. दौंडच्या केडगावची जी गोष्ट कुणी सांगेल, ती नगरच्या केडगावाला लागू पडते का, ही तिची पहिली परीक्षा.

पण या केडगावात आणखी एक गंमत आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती फार उपयोगी पडते. इथे एकाच परिसरात नावांचे वेगवेगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. ‘केडगाव’ हे नाव कुणी ठेवलं हे सांगणारं कोणी नाही, ते वहिवाटीनं आलं. ‘मुक्ती’ हे नाव कुणी ठेवलं हे पक्कं माहीत आहे. पंडिता रमाबाईंनी. दुष्काळात सापडलेल्या मुली आणि स्त्रियांना घेऊन त्या इथे आल्या आणि 1898 मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. संस्कृत कोळून प्यालेल्या बाईंनी हा शब्द निवडला. मोक्षाच्या परंपरेतला शब्द त्यांनी उचलला आणि भुकेपासून, विधवेच्या कोंडीपासून, पापापासून सुटका या अर्थानं तो गावाच्या मातीत रोवला. इथे दंतकथा लागत नाही, कारण नाव ठेवणाऱ्याचा हेतू लिहून ठेवलेला आहे. ‘बेट’ हा तिसरा प्रकार. नारायण महाराजांचं दत्तस्थान आहे ते केडगाव बेट. समुद्र तर नाही, मग बेट कसं, असं बाहेरचा माणूस विचारतो. मराठीत पाण्यानं वेढलेल्या जागेलाही बेट म्हणतात आणि झाडांच्या, बांबूच्या दाट पुंजक्यालाही. म्हणजे हे नाव वर्णनातून आलं आणि पुढे भक्तीनं त्याला देवस्थानाचं वजन दिलं. आणि चौथा प्रकार चौफुला. पुणे-सोलापूर रस्त्यावर चार दिशांचे रस्ते जिथे भेटतात तो चौफुला. पुढे तिथे लावणीची थिएटरं उभी राहिली, आणि आता महाराष्ट्रात चौफुला म्हटलं की रस्ते आठवत नाहीत, ढोलकी आठवते.

चार नावं, चार उगम. एक विसरलेलं, एक निवडलेलं, एक वर्णनाचं, एक वापरातून अर्थ बदललेलं. दंतकथेची भूक सगळ्यात जास्त कुठे लागते? पहिल्या ठिकाणी. जिथे आठवण संपते तिथे गोष्ट सुरू होते. हा दंतकथेचा दोष आम्ही मानत नाही, तिचं कामच ते आहे. घोटाळा होतो तो तिला आठवणीचा दर्जा दिल्यावर.

दुसरा प्रश्न : ही गोष्ट इथलीच आहे, की प्रवासाला आलेली?

यासाठी तुळापूरसारखं उदाहरण नाही. भीमा आणि इंद्रायणीचा संगम, पलीकडे शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक. गावाचं पूर्वीचं नाव नांगरगाव. आदिलशाहीतला मातब्बर सरदार मुरार जगदेव यानं 1633 मध्ये इथे तुळादान केलं, म्हणून तुळापूर. आता गोष्ट अशी. मुरारपंतांनी हत्तीच्या भाराइतकं दान करायचं ठरवलं. हत्ती तोलणार कशात? कुणाला सुचेना. तेव्हा शहाजीराजांनी युक्ती काढली. हत्ती नावेत चढवा, नाव जिथवर बुडेल तिथे खूण करा, हत्ती उतरवा, खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरा, आणि मग दगड तोला.

आता हीच युक्ती चीनमध्येही सांगतात. त्साओ त्साओ या सेनानीच्या लहानग्या मुलानं हत्ती असाच नावेत घालून तोलला, असं तिसऱ्या शतकातल्या राजवटींच्या जुन्या इतिहासात आहे. म्हणजे मुरारपंतांच्या जवळजवळ चौदाशे वर्षं आधी. याचा अर्थ तुळापूरची गोष्ट खोटी, असा लगेच काढायचा नाही. युक्ती चांगली असेल तर ती दोन ठिकाणी सुचूही शकते. पण इथे तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. तुळादान झालं आणि गावाचं नाव बदललं, हा इतिहासाचा भाग. हत्ती आणि नाव, हा जगभर फिरणाऱ्या कथांचा भाग. आणि ती युक्ती शहाजीराजांना सुचली, हा आपल्या प्रेमाचा भाग. स्वराज्यसंस्थापकाच्या वडिलांची बुद्धी आपल्याला या संगमावर पाहायची होती. हे तीन पदर वेगळे केले की गोष्ट मरत नाही, उलट जास्त कळते.

आणि पुढे काय झालं बघा. 1689 मध्ये संभाजीराजांची हत्या या परिसरात झाली. त्यानंतर तुळापूर हा शब्द ऐकल्यावर तुळा कुणाला आठवते? दानाचं नाव बलिदानाचं झालं. अक्षर बदललं नाही, अर्थ समूळ बदलला. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, आयुष्य सांगत नाही. आपले व्युत्पत्तिकार, अगदी इतिहासाचार्य राजवाड्यांसारखे प्रकांड पंडितही, बहुतेक वेळा जन्मापाशीच थांबले. प्रत्येक नाव संस्कृतापर्यंत नेऊन पोचवलं की काम झालं, असं त्यांना वाटे.

कागदपत्रं तरी निर्दोष असतात का? तेही तपासू. राष्ट्रकूटांच्या 758 च्या ताम्रपटात या भागाला ‘पुण्यविषय’ म्हटलं आहे आणि 768 च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’. विषय म्हणजे जिल्हा. दहा वर्षांत जिल्हा पुण्यवान होऊन परत साधा झाला, असं तर नाही ना? लिहिणाऱ्यानं लोकांच्या तोंडचं नाव एकदा संस्कृताच्या साच्यात घातलं आणि एकदा बरंचसं तसंच ठेवलं, असं आम्हाला दिसतं. म्हणजे नावाला अर्थ देण्याचा मोह पारावरच्या म्हाताऱ्याला होतो तसा दरबारी लेखकालाही होतो, फक्त तो तांब्यावर कोरतो. गॅझेटियरचंही असंच. साहेबानं गावकऱ्यांना विचारून गोष्ट लिहिली. आज गावकरी गॅझेटियर दाखवून म्हणतात, बघा, आमची गोष्ट सरकारी पुस्तकात आहे! आपलाच आवाज भिंतीवरून परत आला, आणि आपण त्याला साक्षीदार मानतो.

तिसरा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा : ही गोष्ट कुणाला मोठं करते, आणि कुणाला पुसते?

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1926 मध्ये मांडलं, की पुराणकथा ही समाजाची सनद असते. आजची मांडणी अशी का आहे, याला ती आधार देते. आपल्या गावनावांच्या कथांना हे तंतोतंत लागू पडतं, पण एका अपवादानं. कोल्हापूरची कथा बघा. देवीनं कोल्हासुराला मारलं, आणि मरताना त्यानं मागणं मागितलं, की या क्षेत्राला माझं नाव राहो. देवीनं ते दिलं. नवरात्रात कोहळा फोडतात तो त्याच्या आठवणीनं. धाराशिवलाही धारासुर आणि त्याला मारणारी देवी अशीच गोष्ट आहे. जिंकणाऱ्याचं देऊळ आणि हरणाऱ्याचं नाव! कथा सनद असेल, तर ही सनद हरलेल्याच्याही नावानं लिहिलेली आहे. त्या भूमीवर आपल्याआधी कुणीतरी होतं, याची कबुली तिच्यात आहे. ज्यानं कुणी ती रचली त्याला शत्रूचं नाव पुसण्याची घाई नव्हती.

आता भीमेच्या पलीकडे, दौंड-शिरूरला लागून असलेलं श्रीगोंदे घ्या. मराठ्यांच्या कागदांत हे गाव चांभारगोंदे म्हणून येतं. गोविंद नावाचा एक सत्पुरुष इथे होता, जातीनं चांभार, आणि त्याच्यावरून गावाला नाव पडलं, अशी कथा. पुढे ‘चांभार’ गेलं आणि ‘श्री’ आलं. वरवर पाहता नाव उजळलं. पण ‘श्री’ लावताना कुणाला बाजूला केलं? एका कष्टकरी जातीतल्या संताच्या नावानं तालुक्याचं गाव ओळखलं जात होतं, ही केवढी मोठी गोष्ट होती. आज फलक वाचणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही. तो लागतो फक्त दंतकथेत. इथे कागदानं विसरलेलं दंतकथेनं सांभाळलं आहे. दंतकथांना भाबड्या म्हणून हसणाऱ्या विद्वानांनी या उदाहरणापाशी थोडं थांबावं, असं आम्हाला वाटतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. गावोगावच्या महारवाडा, मांगवाडा या नावांत कुणाचा गौरव नव्हता. ती नावं माणसाला जागा दाखवून देण्यासाठी होती, वेशीबाहेरची जागा. 2020 च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. हे योग्यच झालं. मग चांभारगोंदे आणि चांभारवाडा यांत फरक काय? फरक असा, की एका ठिकाणी जात असलेला माणूस गावाला नाव देतो, आणि दुसऱ्या ठिकाणी गाव माणसाला जात लावतं. पहिल्यात मान आहे, दुसऱ्यात हद्द आहे. नाव बदलायचं की नाही, हे ठरवताना शब्दात जात आहे का एवढंच बघून भागत नाही. ते नाव कोणी कुणाला दिलं, हे बघावं लागतं. आणि ते सांगण्याचं साधन बहुधा गोष्टच असते.

भीमनगर हा शब्द आला म्हणून आणखी एक उदाहरण. शिरूर तालुक्यातलं कोरेगाव भीमा. महसुली नाव तसं आहे. या नावाची पुष्कळ गावं असल्यानं ओळखीसाठी नदीचं नाव मागे लागलं. 1 जानेवारी 1818 ची लढाई तिथे झाली, स्तंभ उभा राहिला, आणि 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. आज लाखो लोकांच्या तोंडी नाव आहे ‘भीमा कोरेगाव’. शब्दांची फक्त जागा बदलली. पण पुढे आलेल्या त्या शब्दात आता नदीबरोबर भीमरावांचं नावही ऐकू येतं. व्युत्पत्तिकार म्हणेल, ही चूक आहे, भीमा म्हणजे नदी. आम्ही म्हणू, शंकराच्या घामातून नदी काढणाऱ्या पूर्वजांना जो अधिकार होता, तोच या लोकांनाही आहे. आपल्या डोळ्यांदेखत एका नावाला नवा अर्थ चढतो आहे. शंभर वर्षांनी कुणी व्याख्यान देईल तेव्हा हीसुद्धा या मुलखाची नामकथा असेल. त्यानं तिला तेच तीन प्रश्न विचारावेत.

एक शेवटचं उदाहरण, कारण ते आम्हाला आवडतं. दौंड तालुक्यात भीमेकाठी पारगाव आहे. ‘पार’ म्हणजे पलीकडचं, काठावरच्या गावाला साजेसं नाव. पण त्याला जोडनाव आहे सालू मालू. हे ऐकलं की मराठी माणसाचा कान थेट तुकोबांच्या गाथेकडे जातो. तिथला सालोमालो म्हणजे दुसऱ्याच्या अभंगांवर आपली मुद्रा घालणारा. सगळी गावं आपल्या नावाशी देव, राजा, ऋषी जोडायला धडपडतात, आणि इथे कान जोडतो तो वाङ्मयचोराशी! जी गोष्ट गावाला मोठेपणा देत नाही आणि तरी टिकते, तिच्याकडे अभ्यासकानं जास्त लक्ष द्यावं. फुशारकीसाठी गोष्ट रचली जाते हे आपण जाणतो. कमीपणाची गोष्ट कोण कशाला रचेल, हा प्रश्न तपासासारखा आहे.

समारोप करू. आमचं म्हणणं थोडक्यात असं. नावाची गोष्ट नावाचं कारण सांगते, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा ती ते सांगत नाही. ती गावाला स्वतःबद्दल काय वाटतं ते सांगते. म्हणून तिला इतिहास म्हणून फलकावर रंगवू नये, आणि भाकडकथा म्हणून फेकूनही देऊ नये. आज नावं बदलण्याचा काळ आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही मोठी नावं आपल्यासमोर बदलली. पुढे लहान गावांचीही बदलतील. नाव बदलण्याचा अधिकार जिवंत माणसांना आहे, आम्ही त्याच्या आड येणार नाही. फक्त जुन्या नावाची गोष्ट त्याच्याबरोबर पुरली जाऊ नये.

त्यासाठी विद्यापीठ लागत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकानं या महिन्यात एक काम करावं. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना, वेगवेगळ्या आळीतल्या, आणि त्यात किमान एक बाई असावी, गावाच्या नावाची गोष्ट विचारावी. ती त्यांच्याच शब्दांत, सुधारणा न करता, तारीख घालून वहीत लिहावी. तिघांच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर घाबरू नये, तिन्ही ठेवाव्यात. आणि चौथं कुणी ‘मला नाही बुवा माहीत’ म्हणालं, तर तेही लिहावं. गार्ग्याच्या बाजूनं एक तरी साक्ष हवीच.